फेनो नॉर्मल आला म्हणून पोराचा पंप बंद करू नका

चतुर्थीपासून आमच्या डिचोलीतल्या सगळ्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, की दम्याच्या मुलांची फेनो टेस्ट (मशीनमध्ये फुंकून करायची श्वासाची तपासणी) करा, आकडा 20 च्या खाली आला तर दमा गेला, रोजचा स्टेरॉइडचा पंप (इनहेलर) बंद, वर आला तर डोस डबल, मग अटॅक येतच नाही. वाचून राहवलं नाही, कारण माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालंय.

"20 च्या खाली म्हणजे दमा गेला" हे साफ चूक. मशीनमध्ये फुंकल्यावर मोजतात तो श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, ॲलर्जीवाली सूज असली की तो वाढतो, आणि पंपातलं स्टेरॉइड तीच सूज उतरवतं. म्हणजे रोज पंप घेणाऱ्या पोराचा आकडा खाली आला तर ती पंपाचीच कमाई ना! शिवाय काहींच्या दम्यात आकडा मुळातच वाढत नाही. भाच्याचा 14 आला, घरच्यांनी पंप कपाटात टाकला, आणि तीन आठवड्यांनी, जूनचा धो धो पाऊस, रात्री दोन वाजता पोरगं गादीवर बसलेलं, हात गुडघ्यांवर टेकलेले, गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जातोय, "मामा पाणी" एवढंही एका दमात बोलवेना. बांबोळीचं हॉस्पिटल गाठेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता "वर आला की डोस डबल". सर्दी, ॲलर्जीचं नाक, आदल्या रात्री खाल्लेली तांबडी भाजी किंवा बीट, यानेही आकडा चढतो. आणि खूपदा कारण एवढंच असतं की पंप घेतलाच जात नाही, किंवा स्पेसरशिवाय (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) मारला की औषध जिभेवर आणि घशातच राहतं. आधी पोराला समोर बसवून पंप घेताना बघा, डोसाचं नंतर.

"अटॅक येतच नाही" हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये 6 ते 15 वयाच्या 509 मुलांवर वर्षभराची ट्रायल झाली, 2022 मध्ये छापून आली. एका गटाचे डोस फक्त लक्षणं बघून ठरवले, दुसऱ्याचे लक्षणं आणि फेनो दोन्ही बघून. दोन्हीकडे साधारण निम्म्या मुलांना स्टेरॉइडचा कोर्स लागेल असा अटॅक आलाच. आधीच्या छोट्या ट्रायल एकत्र केल्या तर थोडा फायदा दिसतो, म्हणून टेस्ट बिनकामाची आहे असं मी म्हणत नाही, दमा आहे की नाही ठरवायला तर ती कामाची आहेच.

पंप कमी करायचा तर डॉक्टरला विचारून, पायरीपायरीने, आणि पावसाच्या तोंडावर तर नकोच. भाच्याचा पंप आता ब्रशच्या स्टँडजवळ असतो, आधी पंप मग ब्रश, म्हणजे तोंडात राहिलेलं औषधही धुतलं जातं.