मॅच होत नाही म्हणे!

आज सकाळी इंटिरियरवाला मुलगा आला, जिन्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हा फ्लोअरिंगला मॅच होत नाही." जिना सागवानी. १९९४ साली बाबांनी भिवंडीला पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया आणून नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमध्ये करून घेतलेला. आणि फ्लोअरिंग? ते अजून दुकानात आहे!

उपाय काय, तर पायऱ्यांवरही त्याच शेडचं लॅमिनेट चढवायचं. "सीमलेस दिसेल."

सीमलेस म्हटलं की मला घोडबंदर रोडचा मावसभावाचा ड्युप्लेक्स आठवतो. गेल्या दिवाळीला फराळाला गेलो होतो. जिना, हॉल, सगळं एकाच फिकट लाकडी रंगाचं. उतरताना अजून एक पायरी राहिलीय हे आईला दिसलंच नाही. जमीन आली समजून पाऊल टाकलं आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वर सगळे तिलाच सांगणार, चष्म्याचा नंबर तपासून घ्या! अहो, स्टेशनच्या जिन्याच्या कडा पिवळ्या रंगवतात त्या काय शोभेला?

बरं, मॅच होऊन टिकणार किती? लॅमिनेट म्हणजे लाकडाचा छापलेला फोटो, वर पारदर्शक थर. त्याच्या शेजारचा कठडा खऱ्या सागाचा, तो उजेडाने रंग बदलत राहणार. फोटो तसाच. शिवाय पावसाळ्यात ओल्या पायांनी पोरं वरखाली करणार, सांध्यांत पाणी जाणार, कडा फुगणार. मग परत हाच मुलगा येणार.

मान्य, तांबूस सागाशेजारी राखाडी फळ्या अगदीच परक्या दिसतात. झाक जवळची हवी, तेवढं त्याचं बरोबर. पण गडद-फिकट फरक राहू दे की! आईचा पाय त्या फरकावर चालतो.

आईला विचारायला गेले तर ती तिसऱ्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तीच पायरी, जी करकरते. कॉलेजात असताना रात्री उशीर झाला की मी ती ओलांडून वर जायचे. आज तीस वर्षांनी म्हणते कशी, "तू ओलांडायचीस तेव्हा चौथीवर धप्प वाजायचं. बाबा म्हणायचे, आली."

मग मी काही बोललेच नाही. त्या मुलाला चहा दिला आणि पाठवून दिलं.

मावसभाऊ हे वाचेल. वाच रे. घर छान आहे तुझं, फोटोत तर फारच. फक्त शेवटच्या पायरीच्या कडेला एक गडद पट्टी मारून घे. मावशी रोज तिथूनच उतरते.

आणि नेरूळ-सीवूड्सकडे जुनं पॉलिश घासून हाताने नवीन करून देणारा कुणी माहीत असेल तर नंबर द्या. पायऱ्यांना स्पिरिट पॉलिश (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) टिकत नाही, पीयू (पॉलियुरेथेनचा कडक थर) करा, असं म्हणालात तर तेही ऐकून घेईन. लॅमिनेटवाल्यांनी कृपया मेसेज करू नये.