लग्नाचा वार वधूला ठाऊक असे

चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतो आहे. येशूच्या काळी यहुदी नवरदेव म्हणे मुलीच्या बापाला किंमत चुकती करायचा, तिच्यापुढे द्राक्षारसाचा प्याला धरायचा. ती प्यायली की सोयरीक पक्की. मग तो स्वतःच्या बापाच्या घरी खोली बांधायला जायचा. लग्नाचा दिवस फक्त बापाला ठाऊक. एके मध्यरात्री कर्णे वाजवत येऊन वधूला न्यायचा आणि दोघं सात दिवस खोलीत दडून राहायची. तात्पर्य: मंडळीही, म्हणजे ख्रिस्ताचे विश्वासणारेही, अशीच अचानक स्वर्गात उचलली जाणार.

तात्पर्य ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं. रीत मात्र ताडून बघता येते. इ.स. 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या संग्रहात लग्नावर भरपूर मजकूर आहे.

आधी दिवस, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. वाग्दानानंतर नवऱ्याने लग्नाची मागणी केली की कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने मिळत, विधवेला तीस दिवस. मुदत उलटूनही लग्न झालं नाही, तर तिच्या पोटापाण्याचा भार त्याच्यावर. वारही ठरलेला: कुमारिकेचं लग्न बुधवारी, विधवेचं गुरुवारी. गावोगावची न्यायालयं सोमवारी आणि गुरुवारी बसत; कौमार्याबद्दल नवऱ्याची तक्रार असली तर सकाळीच तिथे जाता यावं, म्हणून बुधवार. आज हे वाचून तिडीक येते, पण यात गूढ काही नाही. ‘पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, 24व्या अध्यायातलं. तिथला तो दिवस लग्नाचा नाही. मध्यरात्रीची हाक पुढच्या अध्यायातल्या दहा कुमारींच्या बोधकथेतली. वचनं उचलून रीतीत घालायची आणि मग त्याच रीतीवरून वचनांचा अर्थ लावायचा, असा हा कारभार.

प्याला मिश्नात येतो, पण वेगळ्या कामासाठी. ‘या द्राक्षारसाच्या प्याल्याने माझी वाग्दत्ता हो’ म्हणून दिला आणि आत मध निघाला, तर वाग्दान होतच नाही; फसवणूक झाली ना! प्याला म्हणजे तिला दिलेली मोलाची वस्तू. त्याऐवजी नाणं चालतं, दस्त चालतो. हिल्लेल या यहुदी गुरूच्या अनुयायांना तर एक पेरुटा, सगळ्यांत हलकं नाणं, पुरे होतं.

मुलीच्या बापाला द्यायचं देज तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, आहे, हे खरं. पण मिश्नाच्या काळी खरा भर केतुबा या करारावर होता: कुमारिकेला 200 झूझ (चांदीची नाणी), विधवेला 100, आणि ते घटस्फोट झाल्यास किंवा नवरा गेल्यास खुद्द बायकोला मिळायचे.

खोलीची गंमत आहे. मुलाच्या लग्नासाठी बाप घर बांधायला द्यायचा, हे मिश्नात आहे. रब्बी (यहुदी धर्मगुरू) अकिवा म्हणतात, चार हात बाय सहा हात. रब्बी इश्माएल म्हणतात, हा तर गुरांचा गोठा! नवरदेव मात्र कुठे गायब होत नसे. यहुदिया प्रांतात तो लग्नाआधी सासऱ्याकडे जेवायला जाई आणि वधूबरोबर एकांतातही बसे.

सात दिवस दडून राहणं? बायबलमधल्या शमशोन या वीराची सात दिवसांची लग्नाची मेजवानी तीस सोबत्यांच्या गराड्यात झाली, कोडी घालत. लग्नातल्या वाद्यांत मिश्ना डफाचं नाव घेते, कर्ण्याचं नाही.

धार्मिक अर्थ यहुदी परंपरेने स्वतःच सांगून ठेवला आहे. गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्यातल्या ‘लग्नाच्या दिवशी’ या शब्दांवर मिश्ना म्हणते: तो दिवस म्हणजे तोरा मिळाली तो. वर देव, वधू इस्राएल, मांडव सीनाय पर्वतापाशी. कर्णा वाजतो तो तिथे, आणि तिसऱ्या दिवसासाठी तयार राहा, असं लोकांना आधीच कळवलेलं असतं.