ठासणीची पहिली बंदूक आणि तो 'निम्मी घाला' वाला मेसेज

काल रात्री भाच्याने तो मेसेज मला पाठवला. "मामा, हे बरोबर आहे का? मी एक जुनी बघून ठेवलीय." इतके दिवस दुर्लक्ष करत होतो, पण आता घरातच आलंय म्हणून लिहितो. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, पहिली बंदूक घेणाऱ्यांसाठी तो मेसेज थोडक्यात असा: जुनी घ्या, बाहेरून चकचकीत असली की झालं, काळी दारू परवडत नसेल तर काडतुसातली स्मोकलेस (बिनधुराची) दारू निम्मी घाला, वेगळं सामान लागत नाही, आणि साफसफाई सीझन संपला की एकदा.

आधी ते 'निम्मी घाला'. हे ज्याने लिहिलं त्याला आपण काय लिहितोय ते कळलंय का? काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक, आणि ती मापाने भरतात, वजनाने नाही. स्मोकलेस ही वेगळीच वस्तू आहे, तेवढ्याच मापात कितीतरी जास्त ताकद, आणि कोंडली की दाब असा चढतो की काळ्या दारूसाठी बनवलेली नळी तो झेलू शकत नाही. नळी फाटते, नाहीतर नळीचं मागचं टोक बंद करणारा ब्रीच प्लग सुटतो, आणि मागे असतो तुमचा चेहरा. निम्मी काय, चिमूटभरसुद्धा नाही. माझं ऐकू नका, नळी बघा, बहुतेक नव्या बंदुकांवर 'ब्लॅक पावडर ओन्ली' कोरलेलंच असतं, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्येही हेच लिहिलेलं असतं. यापुढे वाद कशाला?

हां, स्मोकलेससाठीच बनवलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत, सॅव्हेज कंपनीची १०एमएल तशीच होती, एवढं मान्य. पण ती नळीच तशी बनवलेली, आणि पैसे वाचवायला निघालेला माणूस जी जुनी उचलतो ती तशी नसते.

जुनी घ्यायला माझी ना नाही, पहिली बंदूक महागडी हवी असं काही नाही. पण बाहेरचं पॉलिश बघून काय कळणार, गंज आतून खातो. आणि त्याआधी ती भरलेली आहे का ते बघा, जुन्या बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या पडून असतात. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या बाजूच्या बारीक बोंडावर, कॅप (ठिणगी देणारी छोटी टोपी) नाही ना बघायचं, तोंड सुरक्षित दिशेला, आपलं डोकं आणि हात नळीच्या समोर आणायचे नाहीत, आणि गज (दारू-गोळी ठासायची लांब काठी) हळूच आत सोडायचा. नळीच्या तोंडापाशी गजावर बोटाने खूण धरायची, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. टोक निपलच्या जवळपास पोचलं तर ठीक, चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, तिथेच थांबा आणि जाणत्या कारागिराला बोलवा. मग चिंधी गजाला लावून फिरवा, कुठे अडकते, लाल काय निघतं ते बघा.

सामान लागत नाही म्हणे! दारूचं माप, पॅच (गोळीभोवती लावायचं कापड), गोळ्या, कॅप, निपलचा पाना, हे धरूनच बजेट करा.

साफसफाई त्याच दिवशी. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, गरम पाणी आणि साबण, कोरडी करून तेल. सीझनभर थांबलात तर नळी गेलीच.

भाच्याला म्हटलंय, पैसे देऊ नकोस, आधी नळीवरच्या अक्षरांचा फोटो पाठव. अजून आलेला नाही.