पैसेही भरा आणि जाहिरातीही बघा!

जाहिराती नकोत म्हणून तर लोकांनी केबल सोडून ओटीटी धरलं ना? मग नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने काही देशांत जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओने अमेरिकेत जुन्या वर्गणीदारांच्याही माथी जाहिराती मारल्या. नको असतील तर वर आणखी पैसे मोजा! हा कुठला न्याय? वर्गणी घेताना ठरलं एक, मधेच झालं भलतंच.

त्यात मालिका एका ॲपवर, तिचा पुढचा सीझन दुसऱ्यावर. हक्कांचे करार संपतात त्यांचे, भुर्दंड मात्र आपल्याला. ऑटो-रिन्यूअल अगदी न चुकता होतं, पण वर्गणी बंद करायचं बटण सेटिंगमध्ये कुठे दडवलंय ते शोधत बसा. चालू करायचं बटण बरं पहिल्याच पानावर असतं!