मुक्कामी गाडी

आमच्या दहावीच्या बॅचमधल्या कोणत्या पोरी पुढे शिकल्या आणि कोणाचं त्याच उन्हाळ्यात लगीन उरकलं याचा मी बराच हिशोब लावून पाहिला, मार्कांचा काही म्हणजे काही संबंध लागत नाही. बापाकडे जमीन किती याचा थोडाफार लागतो. पण सगळ्यात पक्का संबंध लागतो तो गावात मुक्कामी गाडी होती का नव्हती याचा. हसू नका, खरं सांगतेय.

पुण्या-मुंबईवाल्यांसाठी सांगते, मुक्कामी गाडी म्हणजे रात्रीची शेवटची एसटी गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला निघते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. आमच्याकडे ही गाडी होती. कोणाच्या ना कोणाच्या घरून त्या दोघांना भाकरी आणि शेवेची भाजी जायची, उन्हाळ्यात कंडक्टर पारावरच अंथरूण टाकायचा, त्यामुळे कोणाची पोरगी कोणत्या वर्गात आहे हे त्याला पाठ. रोजची एखादी दिसली नाही तर ड्रायव्हर दोन हॉर्न जास्त मारायचा. आता विचार करा, पोरगी गावच्या गाडीत बसली, ओळखीच्या कंडक्टरसमोर बसली, दुपारी त्याच रस्त्याने परत आली, म्हणजे भाऊबंदांना बोलायला जागाच नाही. मला अकरावीला घालायचं ठरलं तेव्हा आमचे एक जिभाऊ ओट्यावर बसून म्हणाले होते, "पोरगी शिकीसन काय कलेक्टर व्हनार शे का?" आमचे आबा काही सुधारक वगैरे नव्हते, ते एवढंच म्हणाले, "गाडी दारमाच थांबस, जाऊ द्या ना जिभाऊ." संपला विषय. १९९९ ची गोष्ट.

माझ्या बाकावर बसायची ती शेजारच्या गावची. मधे नाला, पावसाळ्यात त्याच्यावरच्या फरशी पुलावरून पाणी गेलं की ती आलीच नाही असं समजायचं. गाडी गावापर्यंत जातच नव्हती, फाट्यापर्यंत पायी. आणि ही पोर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, भूमितीची प्रमेयं तिने मला शिकवली. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की ती शाळेत गायबच, आणि परत आली की बोटं बघवत नसत. बोंड फुटून वाळलं ना की त्याची टोकं सुईसारखी होतात, नखाच्या कडेची कातडी सोलून निघते, ती पेन अंगठा न टेकवता धरायची आणि तरी अक्षर मोत्यासारखं. दहावीला मला मागे टाकलं तिने. मोफत पास तेव्हा पोरींना दहावीपर्यंतच होता (अहिल्याबाई होळकर योजनेचा, आता बारावीपर्यंत आहे), पण तिचा प्रॉब्लेम पासचा नव्हताच, फाट्यावर अंधारात पोरगी उभी कशी करायची हा होता. मे महिन्यात लगीन, आणि लगेच सुरतला लिंबायतमध्ये. वय मी सांगत नाही, तुम्हीच काढा.

आता बॅचचा व्हाट्सअप ग्रुप झालाय. पोरं रोज टाकतात, ते सोनेरी दिवस, कोणी परत आणून द्या रे. बरं भो, तुमचे असतील सोनेरी. त्यांचेही हाल झाले, नाही म्हणत नाही, कितीतरी जण नापास होऊन पॅसेंजरने सुरतजवळ उधन्याला गेले आणि कापडाच्या लूमवर बारा बारा तास उभे राहिले. पण ते रात्री अकरालाही निघू शकत होते, ट्रॅक्टरवर बसून स्टेशन गाठू शकत होते. आमच्या बॅचच्या पोरी त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाला केकचं चित्र टाकतात. मला विचाराल तर मला नको ते दिवस परत. तेव्हा प्रत्येक वर्षी मार्च आला की पोटात गोळा यायचा, परीक्षेचा नाही, लगीनसराईचा.

माझं पुढचं काही ग्रेट नाही. बारावी, डीएड, मग शिक्षणसेवक, महिना ३००० रुपयांवर तीन वर्षं. आता नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात झेडपीच्या शाळेत आहे. सासरी सगळं ठीक. कळण्याची भाकरी आणि भरीत स्वतःच्या पैशाच्या वांग्यांचं खाते, एवढं पुरे.

पण दोन गोष्टींनी डोकं फिरतं. एक, मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तर त्यावर जे जोक येतात, बाया काय बाजार करत फिरतात म्हणे. फिरू द्या की, तुमच्या काय बापाचं गेलं. अहो अर्ध्या तिकिटात एखादी आई पोरीला होस्टेलला भेटून येते, माहेरी आजारी माय बघून येते, आधी यासाठी नवऱ्याकडे पैसे मागावे लागायचे. दुसरं, २०२१-२२ चा एसटीचा संप. कर्मचाऱ्यांची मागणी रास्त असेल, त्यावर मी बोलत नाही. पण कोरोनाने शाळा बंद, त्या जरा उघडल्या तर गाड्या बंद, आणि आमच्याकडच्या पाड्यांवरच्या आठवी-नववीच्या पोरी घरी बसल्या त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. पोरं मोटरसायकलवर तिघं तिघं बसून येत होती. रस्ते झाले, घरोघरी गाड्या झाल्या म्हणून एसटी लागत नाही असं म्हणणाऱ्याने सांगावं, त्या मोटरसायकलची चावी घरात कोणाच्या खिशात असते?

बाकावरची ती मागच्या वर्षी भेटली. तिची मुलगी सुरतला नर्सिंग करते, सिटी बसने जाते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तिकडे बस भेटस ना बहीन, दर दहा मिन्टले."

तर ग्रुपवर जे गेट टुगेदरचं चाललंय त्या अ‍ॅडमिनसाहेबांना विनंती. हायवेवरचा ढाबा नको, अमळनेरला स्टँडच्या जवळ कुठेही ठेवा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, पोरी तेव्हाच माहेरी असतात. आणि रात्रीचं तर अजिबात नको, अकराला सुरू करा, चारला संपवा. शेवटच्या गाड्यांचे टाइम मी काढून पाठवते.