आवशीक युरोप कित्याक?

आईला युरोपला न्यायचं मी ठरवलं, त्यावर दादाचा प्रश्न सरळ होता. "आवशीक दिसत नाय, मगे तिका युरोप कित्याक?" फोन स्पीकरवर होता आणि आई तिथेच पडवीत कुळीथ निवडत बसली होती, हे त्याला ठाऊक होतं. आमच्या घरात असल्या गोष्टी आडून बोलायची पद्धत नाही. उत्तर आईनेच दिलं. "माका बघूक खंय व्हया? माका जावचा आसा."

दादा दुष्ट नाही. गेली सहा वर्षं आईच्या डोळ्यांत दिवसातून तीन वेळा थेंब तोच घालतो. त्याचा हिशोब माणसाचा आहे: 90 युरो व्हिसाचे, 30 हजार युरोचं कवच असलेला प्रवासविमा, वर विमानाचं तिकीट. एवढ्यात मागच्या पडवीची कौलं बदलून होतात. भावकीतल्या काकींचं म्हणणं थोडं वेगळं. तिला हात धरधरून फिरवणार किती, आणि ती दमली की करणार काय? दोघांच्या बोलण्याच्या तळाशी गृहीत एकच आहे, की प्रवास म्हणजे बघणं. 'साइटसीइंग' हा शब्द आपण टूरवाल्यांकडून जसाच्या तसा उचलला, त्याचंही हे फळ असेल.

मी 14 वर्षं फ्रँकफर्टला राहते. सुट्टीवर गावी गेले की दोन वाक्यं ऐकायची सवय झाली आहे. एक, "तुमच्याकडे काय, सगळंच भारी." दुसरं, जरा वेळाने, चहा झाल्यावर, "पण माणुसकी नाय हो थंय." आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं बघितलं जातं, जणू मी तिकडची साक्षीदार. मी दोन्हीला मान हलवत आले. या प्रवासाची आखणी करायला घेतल्यापासून मात्र ती मान हलेनाशी झाली आहे.

आईला काचबिंदू आहे. तो गुपचूप येतो, दुखत नाही, नजर कडेकडेने खात येतो. ती दारांच्या चौकटींना धडकायला लागली तेव्हा आम्ही विजेच्या दिव्याला दोष दिला. निदान झालं तोवर जे गेलं ते गेलं होतं. थेंब फक्त उरलेलं राखतात. आज तिला अरुंद नळीतून बघावं तेवढं दिसतं, तेही लख्ख उजेडात. अंधारलं की तेही नाही.

तरी परवापरवापर्यंत ती एकटी फिरत होती, कारण घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी तिला पाठ होती. जांभ्याच्या 43 पायऱ्या. तिसरी मोडकी, अकरावीत फणसाचं मूळ घुसलेलं, विसावीपाशी गडगा संपतो आणि वारा लागतो. गेल्या वर्षी त्या पाखाडीचं सुशोभीकरण झालं. जांभा काढून सिमेंट आणि वर गुळगुळीत फरशी. सगळे खूश. पावसात घसरतात, पण फोटो चांगले येतात. आईचा नकाशा पुसला गेला आणि तिला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. वर्गणी मात्र पाठवली होती.

आता माणुसकीचं. आमच्या गावात ती मुबलक आहे, हे मी शपथेवर सांगेन. आई रस्त्यावर उभी राहिली की दोन मिनिटांत कोणीतरी धावत येतं, दंड धरतं आणि ओढत पलीकडे नेतं. पलीकडे जायचंय का, हे न विचारता. एकदा तिला कणकवलीच्या एसटीत चढवून दिलं होतं, ती नुसती सावलीला उभी असताना. (दिसत नसलेल्या माणसाचा दंड धरायचा नसतो. आपलं कोपर पुढे करायचं असतं, म्हणजे धरायचं की सोडायचं ते त्याच्या हातात राहतं. मला हे पन्नाशीजवळ आल्यावर कळलं.) यातली गोम आईनेच एकदा सांगितली. बाजारात जायचं तर कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि रोज हाक मारायची लाज वाटते. म्हणून ती चार कामं साठेपर्यंत थांबते. मग एक उपकार चार कामांना पुरतो.

फ्रँकफर्टच्या माझ्या रोजच्या सिग्नलला खांबावर एक पिवळी डबी आहे. ती टिकटिकते, हे ऐकून होते. तिच्या पोटाखाली बोटांना लागेल असा उंचवटलेला बाण असतो आणि हिरवा दिवा लागला की तो थरथरतो, हे मला 14 वर्षांत ठाऊक नव्हतं. आईसाठी वाचायला बसले तेव्हा कळलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना खाली बोट घालून उभी राहिले. थरथरलं. कोणाला हाक नाही, कोणाचे आभार नाहीत, रस्ता ओलांडला.

पण आमच्याच इमारतीत एक अंध गृहस्थ राहतात. सहा वर्षं रोज सकाळी पांढरी काठी घेऊन ट्रामला जातात. हे मी आईला कौतुकाने सांगितलं. तिने विचारलं, "नाव काय तेंचा?" मला माहीत नाही. सहा वर्षांत 'गुटन मॉर्गन'च्या पुढे गेलेले नाही. गावात हे शक्य नव्हतं. तिथे त्यांचं नाव, गाव, डोळे कशाने गेले आणि मुलगा काय करतो, एवढं पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं असतं. यातलं बरं कुठलं, हे मी ठरवू शकत नाही. ट्राममध्ये एकटं जाता येणं मात्र मी सोडणार नाही, आणि आईनेही सोडू नये असं वाटतं.

गावाकडचा सगळ्यात ठाम मुद्दा भूगोलाचा असतो. "आमचा कोकण चढउताराचा, थंयसारखा सपाट नाय." सपाट कुठलं? फ्रँकफर्टहून रेल्वेने तासाभरावर मारबुर्ग नावाचं गाव आहे. डोंगरउतारावर वसलेलं, दगडी गोट्यांच्या गल्ल्या, जिकडे बघावं तिकडे जिने. आमच्या पाखाड्यांची जर्मन आवृत्तीच. 1916 साली, पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना शिकता यावं म्हणून तिथे अंधांसाठी संस्था निघाली. ती आजही आहे, तिची शाळा आहे, आणि त्या जिन्यांवरून पांढऱ्या काठ्या वर्षभर चढउतार करत असतात. गाव त्यांनी सपाट केलं नाही. मी तिथे एक दिवस नुसती बसून बघितलं. पायऱ्या आईला कधीच अडचण नव्हत्या. न विचारता बदललेल्या पायऱ्या अडचण होत्या.

तर आखणी. 'दहा दिवसांत सात देश' पहिल्याच दिवशी बाद. रोज नवं हॉटेल म्हणजे रोज नवं न्हाणीघर, आणि नवं न्हाणीघर आईला नव्या देशाहून कठीण. मुक्काम माझ्याच घरी आणि मधे एकच मोठी फेरी. महिना जूनचा. चवथीला ती जग बुडालं तरी घर सोडणार नाही, आणि जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तिच्या उरलेल्या नजरेला तो लागतो. दादाचा भाताचा तरवा तेव्हाच असतो, त्यावरून एक वाद अजून व्हायचाय.

विमान गोव्यातल्या मोपाहून. इथे एक गोष्ट शिकले, ती कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. तिकीट काढताना दिसत नाही म्हटलं की समोरचा माणूस सवयीने व्हीलचेअर लिहून टाकतो. आई तासभर चालू शकते. तिला खुर्चीत बसवून ढकललं की ती सामान होते. अंध प्रवाशासाठी विमान कंपन्यांकडे वेगळा संकेत आहे, बीएलएनडी. तोच लिहून घ्यायचा, आणि सोबत चालणारं माणूस हवं, खुर्ची नको, हे स्पष्ट सांगायचं. युरोपातल्या विमानतळावरून निघताना ही मदत फुकट मिळणं हा 2006 च्या युरोपीय नियमाने दिलेला हक्क आहे. 48 तास आधी कळवायचं. रेल्वेसाठी 24 तास. पाहुणीला बाकी फार काही नाही. आईचं आपल्याकडचं दिव्यांग कार्ड इथे कोणी मानलं तर ती त्याची मर्जी, आणि युरोपचं स्वतःचं सामाईक कार्ड यायचंय तेही इथे राहणाऱ्यांसाठी. म्हणजे हक्कालाही कुंपण असतंच.

थेंबांचा हिशोब मी कागदावर मांडला: मालवणात रात्री नऊला पडणारा थेंब जूनमध्ये इथे संध्याकाळी साडेपाचला. एका औषधाची न उघडलेली बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून छोटा थर्मास. बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

मोठी फेरी कुठली, यावर मात्र मी अडले होते. आयफेल टॉवर आईला लोखंड आहे, एवढंच. मग पंढरपूर आठवलं. नजर गेल्यावर आई एकदा वारीला नाही, पण कार्तिकीनंतरच्या गर्दीत जाऊन आली. मुखदर्शनाची रांग लहान होती. तिने हट्टाने पदस्पर्शाची धरली, पाच तास उभी राहिली आणि तीन सेकंद विठोबाच्या पायांना हात लागला. बाहेर येऊन म्हणाली, आज माझं आणि डोळसांचं दर्शन सारखं झालं. आपल्याकडे शब्दच आहे, पदस्पर्श दर्शन. हाताने घेतलेलंही दर्शनच. बाकीच्या गाभाऱ्यांत हात लावू नका, सोवळं आहे, बाई आहात, हे ती आयुष्यभर ऐकत आली आहे. आणि युरोपातल्या संग्रहालयांतही तेच, फक्त सोवळ्याऐवजी काच.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आंकोना नावाचं बंदर आहे. अल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे अंध जोडपं फिरस्तं होतं, आणि जिथे तिथे 'हात लावू नका' ऐकून कंटाळलं होतं. त्यांच्या पुढाकाराने 1993 साली तिथे संग्रहालय निघालं आणि 1999 मध्ये ते इटलीचं राष्ट्रीय संग्रहालय झालं. नाव होमरचं, कारण परंपरेने तो अंध कवी. तिथे मूर्तींना हात लावायचा असतो. ग्रीक आणि रोमन शिल्पांच्या प्रतिकृती, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं डोकं, इमारतींची लहान रूपं. दादाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला.

मग माझ्या डोक्यात मालवण घोळायला लागलं. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे. वाद चालू असतात ते हॉटेलं, जेटी, स्कूबा, सेल्फी पॉइंट यांचे. आता सिंधुदुर्ग किल्ला घ्या. 1664 ते 1667 मध्ये बांधलेला, नागमोडी तट, आणि दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवलेला, की होडीतून समोर आलात तरी दिसत नाही. ही युक्ती डोळ्यांना कळतच नाही, तीच तिची करामत. बोटांना मात्र क्षणात कळेल. जर्मनीतल्या कितीतरी जुन्या शहरांच्या चौकात अख्ख्या गावाचं कांस्याचं लहान रूप ठेवलेलं असतं, हात फिरवायला. मालवणच्या जेटीवर किल्ल्याचं तसं एक ठेवायला काय लागतं? आणि त्याला डोळस पोरंच आधी हात लावतील, पैज.

कायदा नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एका दृष्टिहीन नागरिकानेच 2005 मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं, की सुगमतेचे नियम सूचनावजा चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. 19 वर्षं लागली. मधल्या काळात जिल्ह्यातल्या एका ठिकाणी पिवळ्या खडबडीत फरशा बसलेल्या मी बघितल्या. जपानी सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधलेल्या या फरशांत उभ्या रेघा म्हणजे चाला आणि ठिपके म्हणजे थांबा. आमच्या गवंड्याने दोन्ही आलटूनपालटून लावल्या होत्या. डिझाइन म्हणून. त्याला तरी कोणी सांगितलं होतं? पट्टा शेवटी विजेच्या खांबात जातो.

गेल्या रविवारी आईला सगळं वाचून दाखवलं. मोपा, फ्रँकफर्ट, मारबुर्ग, आंकोना. ती समुद्रावर थांबली. थंय मासळीबाजार आसा? आहे, बंदर आहे. बांगडो मेळता? मिळतो. मग तिथल्या रिवाजाचं मला सांगावं लागलं, की इटलीत बाजारात मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो, बोटाने दाखवायचं, विकणारा उचलून देतो.

आई जरा वेळ गप्प. "म्हणजे मूर्तीक हात लावूचो आणि बांगड्याक नाय?"

"हो."

"मगे तो ताजो आसा काय ता माका कळतला कसा?"