कोलेस्टेरॉल नॉर्मल, पोट सुटलेले: एक खुलासा

'कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर सुटलेल्या पोटाची चिंता नको. फार तर व्हिटॅमिन ईची गोळी घ्या,' असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्या पेशी फुगल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा हे दाह (शरीरातली आतली सूज) वाढवणारे घटक रक्तात उतरतात. दाह रोखणारे ॲडिपोनेक्टिन मात्र घटते. सोबत वाढलेले सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचे एक अतिक्रियाशील रूप, रक्तवाहिनीच्या अस्तरातले नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते. वाहिनी सैल करणारा वायू तोच. तो कमी पडला की वाहिनी आखडते, रक्तदाब चढतो. कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या लिपिड प्रोफाइल या रक्ततपासणीत यातले काहीच दिसत नाही.

गोळीचे म्हणाल तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप (HOPE) या रुग्णांवरच्या मोठ्या औषध-चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

पोटाचा घेर पँटच्या मापावरून ठरवू नका. पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता मोजा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. त्यापुढे असाल तर रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासा. दंड जाड असल्यास रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा (कफ) मोठा मागा. लहान कफ रक्तदाब उगाच जास्त दाखवतो.